लिव्हर बायोप्सी : सुई क्षणाची, काळजी दिवसभराची

महोदय,

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांपासून महापे-रबाळ्यातल्या कंपन्यांपर्यंत हल्ली लिव्हर तपासणीची शिबिरे भरतात. फायब्रोस्कॅनचा (यकृत किती कडक झाले ते सुईविना मोजणाऱ्या तपासणीचा) आकडा हातात पडतो आणि 'आता बायोप्सी करावी लागणार' अशी धास्ती घेऊन माणूस घरी जातो. बायोप्सी म्हणजे सुईने यकृताचा छोटा तुकडा काढून तपासणे. बहुतेकांना ती लागतच नाही. आकडा ८ किलोपास्कलच्या आत असेल, तर यकृत फारसे कडक झालेले नसण्याचीच शक्यता जास्त. शिवाय फायब्रोस्कॅन किमान तीन तास उपाशीपोटी करायचा असतो. वडापाव खाऊन रांगेत उभे राहिले की आकडा फुगतो, कावीळ अंगात असतानाही फुगतो.

बायोप्सीची खरी गरज वेगळ्या ठिकाणी पडते. रक्तातले यकृताचे एन्झाइम महिनोन्महिने वाढलेले आणि रक्ततपासणीत कारण सापडत नाही, ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच यकृताला आणलेल्या सुजेचा) संशय, प्रत्यारोपणानंतर बिघडलेले यकृत, किंवा स्कॅनमध्ये उलगडा न होणारी गाठ. उलट, सिरॉसिसच्या (यकृत कडक, गाठाळ झालेल्या) रुग्णात ट्रिपल फेज सीटी (औषध टोचून तीन टप्प्यांत काढलेला स्कॅन) किंवा एमआरआयवर कॅन्सरचे ठरावीक चित्र स्पष्ट दिसत असेल, तर सुई न घालताच निदान करता येते. अशा गाठीत सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजण्याचा धोका थोडा असतो. 'सुई लावली की पसरतो' ही समजूत त्यातूनच आली असावी. ती सगळ्या बायोप्सींना चिकटवण्यात अर्थ नाही.

तयारीत सर्वाधिक घोळ गोळ्यांचा होतो. 'रक्त पातळ करायची गोळी घेता का?' असे विचारले की रुग्ण 'नाही' म्हणतो आणि खिशात कोलेस्टेरॉलची कॅप्सूल असते. अशा काही कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही असतात. म्हणून तोंडी यादी सांगू नका, सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करणाऱ्या या गोळ्या साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात, मात्र स्टेंट घातलेल्याने हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद करू नये. प्लेटलेट ५०,००० च्या खाली, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) १.५ च्या वर किंवा पोटात पाणी असेल, तर बरगड्यांमधून जाण्याऐवजी मानेच्या शिरेतून नमुना घेणे सुरक्षित. तिथे रक्त आलेच तर ते पोटात न साचता शिरेतच परत जाते.

प्रत्यक्ष प्रक्रिया छोटी आहे. पाठीवर झोपवून उजवा हात डोक्याखाली घेतात, सोनोग्राफीने जागा ठरवतात, लिग्नोकेनची भूल देतात. श्वास सोडून रोखून धरायचा. 'खट्' असा आवाज होतो आणि नमुना बाहेर येतो. त्या क्षणी श्वास घेतला किंवा अंग हलवले तर यकृताचे आवरण फाटू शकते, म्हणून श्वास रोखण्याची तालीम आधीच करून घ्यावी.

नमुना असतो शेवयाच्या काडीएवढा, अख्ख्या यकृताचा साधारण पन्नास हजारावा हिस्सा. तो किमान २ सेंटिमीटर लांब आणि त्यात दहा-अकरा पोर्टल ट्रॅक्ट (यकृतातल्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिकांचे जुडगे) असावेत. १८ गेजच्या बारीक सुईने घेतलेल्या सेंटिमीटरभर तुकड्यावर फायब्रोसिसची (यकृत कडक होण्याची) पायरी बहुधा कमीच दिसते, आणि दोष मात्र रिपोर्टला लागतो. चरबी साठलेल्या यकृताचा तुकडा फिकट असतो, फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) तरंगतो. सिरॉसिसचा बरेचदा बाटलीत पडतानाच तुटतो. कोरड्या गॉजवर ठेवला तर तो सुकतो, सलाइनमध्ये टाकला तर पेशी बिघडतात. थेट फॉर्मालिनच हवे. नाव बाटलीवर लिहावे, झाकणावर नव्हे, कारण झाकणे बदलतात.

बायोप्सीनंतरचे दोन ते चार तास खरे जोखमीचे. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि बीपी पाहिलेच पाहिजे. खाट रिकामी करायची म्हणून रुग्णाला घाईने उठवणे हा हलगर्जीपणा आहे. उजवा खांदा दुखणे नेहमीचेच, कारण छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या नसेची कळ तिथे जाणवते. पॅरासिटामॉल पुरते, ब्रुफेन घेऊ नये. नाडी वाढत जाणे, घाम, पोट ताठणे, चक्कर ही मात्र रक्तस्रावाची खूण. तसा गंभीर रक्तस्राव क्वचित होतो, पण झाला तर बहुतेकदा पहिल्या काही तासांत, आणि जवळपास नेहमी चोवीस तासांच्या आत. म्हणून ती रात्र रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर काढावी. हे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या घाटात ट्रक बंद पडलेल्या संध्याकाळच्या हिशेबाने मोजा. घोडबंदरच्या रहिवाशांनी सकाळची पहिली वेळ मागावी, ठाण्यातच नातेवाइकांकडे मुक्काम करावा आणि रिक्षाने हादरे खात परतू नये. आठवडाभरात काळी शौच, कावीळ किंवा पोटात कळा आल्या तर लगेच परत जावे.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असेल तर लगेच पुन्हा सुई टोचून घेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (नमुना बसवलेला ठोकळा) मागून घ्या, त्यावरून नव्याने स्टेन (रंग देऊन तपासण्या) करता येतात. सही करून तो मिळतो. फक्त उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडते.

— एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, पाचपाखाडी, ठाणे