रविवारच्या विसाव्याविषयी सूचना

ख्रिस्ती मंडळीच्या सर्व सभासदांस प्रभूच्या नावाने सलाम.

येत्या रविवारपासून सकाळच्या उपासनेनंतर कोणतीही बैठक, गायनाचा सराव किंवा वर्गणीचा हिशेब होणार नाही. ही कामे शनिवारी सायंकाळी ६ वाजता मंदिराच्या सभागृहात उरकली जातील.

बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायातील शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवसाच्या, आज्ञेत दास, दासी आणि गुराढोरांच्याही विसाव्याचा उल्लेख आहे. मग ज्या भगिनी उपासनेहून परतताच पदर खोचून मटणाच्या फोडणीला लागतात, त्यांना तो का नसावा? घरातील पुरुषांनी त्या दिवशीचा निम्मा तरी स्वयंपाक उचलावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

रुग्णालयात रविवारी पाळी असणाऱ्यांनी अपराधी वाटून न घेता विसाव्यासाठी आठवड्यातील दुसरा दिवस ठरवावा.

ग्रुपवर रविवारी फक्त आजारपण व अंत्यविधीचे निरोप टाकावेत.

– सचिव, पंचकमिटी