सहा फूट फिल्म

चाळीसगाव,
कार्तिक वद्य पंचमी

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुखरूप पोहोचल्याचा निरोप तुझ्या आईच्या फोनवर आला. माझ्या फोनवर आला नाही, यावरून तुझा राग अजून उतरलेला नाही हे मी समजलो. तुझा राग योग्य आहे. भरिताची वांगी मी सकाळी बाजारातून निवडून आणली होती, कपाशीच्या काड्यांवर भाजूनही झाली होती, आणि तू ताटावर न बसता रात्रीच्या गाडीने निघून गेलीस. दुसऱ्या दिवशी ते भरीत कोणीच खाल्ले नाही. कळण्याचे पीठ आणि बिबड्यांचा डबाही ओट्यावरच राहिला आहे.

फोनवर आपल्या दोघांचेही आवाज चढतात, म्हणून पत्र लिहितो आहे. हे पत्र फक्त चित्रपटाबद्दल आहे. तुझ्या डोळ्यांबद्दल आणि झोपेबद्दल यात एक अक्षरही लिहिणार नाही, असे तुझ्या आईला कबूल करूनच मी लिहायला बसलो आहे.

त्या दिवशी चित्रपट संपला, नावे वर सरकू लागली आणि तू खुर्चीत पुढे होऊन बसलीस. नेमक्या त्याच वेळी मी म्हणालो, "गोष्ट तर मध्यंतराच्या आधीच कळली होती." माझे वाक्य पुरे होते न होते तोच थिएटरमधल्या मुलाने दिवे लावले आणि पडदा काळा झाला. तुझे नाव यायचे राहिले. दीड वर्ष ज्या चित्रपटावर तू काम केलेस, त्याच्या शेवटच्या मिनिटात आधी बापाने आणि मग थिएटरवाल्याने तुला अडवले. त्या मुलाला मी काय बोलणार होतो? ३१ वर्षे मी स्वतः हेच केले आहे. शेवटचे दृश्य संपले की नावांची फिल्म चालू द्यायची नाही, दारे उघडायची आणि पुढच्या खेळाची गर्दी आत घ्यायची, हाच रिवाज होता. त्या नावांमध्ये कोणाची तरी मुलगी असेल, हे मला एकदाही सुचले नाही.

पायऱ्या उतरताना तू म्हणालीस की लोक आता चित्र पाहायला येतात, गोष्ट कोणाला हवी असते. आणि २००९ सालच्या 'अवतार'चे उदाहरण दिलेस. परका माणूस जंगलातल्या लोकांत जातो, त्यांचाच होतो आणि शेवटी स्वतःच्या माणसांशी लढतो, ही गोष्ट जगाने शंभरदा ऐकलेली होती, तरीही सगळे जग तो पाहायला गेले, असे तुझे म्हणणे. त्यावर तेव्हा मला उत्तर सुचले नाही आणि मी नुसता आवाज चढवला. आता चार दिवस विचार करून लिहितो आहे.

थिएटरात मशीन चालवणाऱ्या माझ्यासारख्या ऑपरेटरला कोणतीच गोष्ट नवी राहत नाही, ताई. दिवसाला चार खेळ, आणि चित्रपट तीन आठवडे टिकला तर तीच गोष्ट ८४ वेळा. तिसऱ्या दिवसापासून मी पडद्याकडे पाहणे सोडून केबिनच्या खिडकीतून माणसांकडे पाहत असे. दुसऱ्यांदा तिकीट काढून आलेला माणूस मला वरून लगेच ओळखू येई, कारण त्याला कुठे बाहेर जायचे हे ठाऊक असे. पहिल्या खेळाला ज्या किल्ल्याच्या आणि आगीच्या दृश्यांना पिटातल्या लोकांनी शिट्ट्या मारलेल्या असत, त्याच दृश्यांना तो दुसऱ्या वेळी उठून विडी प्यायला जाई, आणि आई मुलाला ओळखते किंवा भाऊ भावाची माफी मागतो त्या जागी बरोबर परत येऊन बसे. म्हणजे गोष्ट माहीत असणे ही त्याची अडचण नव्हती. मोठीमाय प्रत्येक एकादशीला तेच कथानक ऐकून यायची आणि डोळे पुसत म्हणायची, "गोट माले ठाऊक शे, पन रडू येसच ना."

म्हणून मी थिएटरात बोललो ते वाक्यच चुकीचे होते. गोष्ट आधी कळली, हा काही दोष नव्हे. फाळक्यांनी १९१३ साली आपला पहिला चित्रपट काढला तो हरिश्चंद्राचा, ज्याची गोष्ट लहान पोरालाही पाठ होती. त्याच्या आधी त्यांनी वाटाण्याचे रोप कसे वाढते याचे रोज थोडे थोडे चित्रण करून एक छोटी फिल्म बनवली आणि ती दाखवून भांडवल उभे केले. दाणा पेरला की अंकुर येतो, याहून ठरलेली गोष्ट कोणती असेल? तरी पाहणारे थक्क झाले, कारण जे रोज घडते पण डोळ्यांना कधी दिसत नाही ते त्यांनी दाखवले. त्या काळात रात्रंदिवस प्रयोग केल्याने आणि झोप न घेतल्याने फाळक्यांची दृष्टी काही दिवस गेली होती, हेही तू लक्षात ठेवावेस. हे मी फाळक्यांबद्दल लिहितो आहे.

अजिंठ्याला तुला नेले तेव्हा तू आठवीत होतीस. सोळा नंबरच्या लेण्यात ज्या चित्राला लोक मरणोन्मुख राजकन्या म्हणतात, त्याच्यासमोर तू इतका वेळ उभी राहिलीस की मागच्या सहलीतले मास्तर रागावले. नवरा नंद भिक्षू झाल्याचे कळलेली ती त्याची बायको सुंदरी आहे, असे जाणकार सांगतात. दीड हजार वर्षांपूर्वी त्या लेण्यात दिवा घेऊन आलेल्या माणसाला नंदाची कथा माहीतच असणार. पुढे काय होणार हे पाहायला तो आलेला नव्हता. पण तिची मान जशी कलली आहे, पापण्या जशा मिटत आल्या आहेत आणि मागची दासी तिला जशी सावरते आहे, ते पाहिल्यावर त्याला पाय उचलता आला नसेल. तू मला तेव्हा विचारले होतेस, "नाना, हिला आत्ताच कळले आहे का?" मी आयुष्यभर चित्रपट दाखवले, पण मला असा प्रश्न कधी पडला नव्हता. तुझ्यात काहीतरी वेगळे आहे हे मला त्या दिवशी कळले, आणि ते मी तुला आजवर सांगितले नाही.

आता तुझ्या 'अवतार'कडे येतो. तो मी हिंदीत पाहिला आहे. रात्री उजळणारी झाडे आणि हवेत तरंगणारे डोंगर पाहून मीही अवाक झालो होतो, हे मान्य करतो. पण इतक्या वर्षांनंतर मला त्यातले आठवते ते दुसरेच. चाकाच्या खुर्चीतला तो पांगळा जवान नव्या शरीरात जागा होतो, सगळ्यांना झुगारून बाहेर धावत सुटतो आणि थांबून पायाची बोटे मातीत खुपसतो. ते शरीर संगणकाने बनवलेले होते, म्हणजे ते तुझ्याच धंद्यातल्या लोकांचे काम. तेथे गोष्टीची उणीव चित्राने भरून काढली असे मी म्हणणार नाही. तेथे चित्र हीच गोष्ट झाली होती. ते दृश्य आधीच ओळखता आले असते तरी काही बिघडले नसते. आणि जेथे तसे होत नाही, पडद्यावरच्या माणसाला काय वाटते आहे याचा पत्ता दिग्दर्शकालाच नसतो, तेथे कितीही किल्ले कोसळवले तरी भरपाई होत नाही. तुमच्या चित्रपटाच्या उत्तरार्धात तो राजपुत्र तीन लढाया जिंकतो आणि तिन्ही वेळा त्याचा चेहरा तोच असतो. डोळे दिपतात, पण दिपलेल्या डोळ्यांना थोड्या वेळाने काही दिसेनासे होते. हे मी अनुभवाने सांगतो. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनचा जाळ पाहायला काळी काच दिलेली असे, आणि घाईत ती न घेता पाहिले की पुढची पाच मिनिटे सगळीकडे हिरवा डाग दिसे. माझ्या उजव्या डोळ्याचे तुला माहीतच आहे.

खरे सांगायचे तर माझा राग त्या गोष्टीवर नव्हताच. तू तुझ्या आईला सांगितलेस की शेवट तिसऱ्यांदा बदलला, म्हणून झालेले शॉट पुन्हा करावे लागले आणि महिनाभर तुम्ही पहाटे घरी जात होता. ते मला जेवताना कळले होते आणि तेच डोक्यात घेऊन मी चित्रपटाला आलो. कथा लिहिताना कागदावर जे ठरायला हवे होते ते ठरले नाही, आणि ते झाकायला धूर, पाऊस, सैन्य आणि अग्नी मागवला गेला, जो तुम्ही पोरांनी रात्री जागून पुरवला. चांगल्या चित्रांनी कमकुवत गोष्ट तरून जाते की नाही, यावर लोक वाद घालतात. ती तरून नेण्याची किंमत कोणाच्या झोपेतून वसूल होते, हे कोणी विचारत नाही. मी विचारतो, कारण ते डोळे माझ्या घरचे आहेत. तुझे डोळे दिवाळीच्या पहाटेही लाल होते. उटणे लावताना तुझ्या आईने पाहिले आणि ती काही बोलली नाही. तू नकार द्यायला शिकले पाहिजेस, वेळेवर जेवले पाहिजे, दर तासाला पडद्यावरून नजर काढून दूर पाहिले पाहिजे, आणि वरिष्ठ काय म्हणतील याची भीती...

हे मी लिहिणार नव्हतो. खोडावे असे वाटले, पण खोडलेले तू वाचशीलच. मला क्षमा कर. मी स्वतः चित्रपटाची पेटी उशिरा आली म्हणून रात्री दोनपर्यंत रिळे जोडत बसलो आहे, आणि तेव्हा तुझी आई जे बोलत असे ते मला आवडत नसे.

तू सहा वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून केबिनच्या खिडकीतून पाहायचीस. २००० फुटांची रीळ साधारण बावीस मिनिटे चाले, आणि ती संपत आली की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका येई. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटार सुरू करायची, दुसऱ्याला पडदा तिच्याकडे सोपवायचा. खाली बसलेल्या शेकडो लोकांतून तो ठिपका कोणालाच दिसत नसे. तू मात्र ओरडायचीस, "नाना, ठिपका!" एकदा मी चहा ओतत होतो आणि तुझ्या ओरडण्यामुळेच रीळ निसटता निसटता राहिली. केकी मूस यांच्या घरी तुला पहिल्यांदा नेले तेही त्याच वर्षी. आपल्या या गावात जवळजवळ पन्नास वर्षे त्या माणसाने घराचा उंबरा क्वचितच ओलांडला, आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांच्यावर हवा तसा उजेड पाडून छायाचित्रांत आख्खे देखावे उभे केले. घरी आल्यावर तू पाटावर मीठ पसरून त्यात काड्या रोवल्यास आणि विजेरीचा उजेड पाडून आम्हाला बर्फ दाखवलास. मी मिठाची नासाडी केली म्हणून ओरडलो. आज तू जे करतेस ते तेच आहे, आणि मी आजही ओरडलोच.

काल दुपारच्या खेळाला मी एकटा पुन्हा जाऊन आलो. तुझा शॉट कोणता हे तू मला सांगितले नव्हतेस. तुझ्या आईला सांगितले होतेस. राणी तटावर उभी असते, वाऱ्यावर केस उडत असतात आणि मागे खालचे नगर दिसते, तो. तिच्या केसांची बट न् बट तू एकेका फ्रेमवर हाताने कापून वेगळी केलीस आणि मग मागे नगर बसवले, असे ती म्हणाली. शॉट चार सेकंदांचा आहे. सेकंदाला २४ याप्रमाणे ९६ फ्रेम होतात, आणि फुटाला १६ फ्रेम धरल्या तर माझ्या हिशोबाने ती सहा फूट फिल्म झाली. तुझ्या अकरा रात्री या सहा फुटांत आहेत.

मी तो शॉट नीट पाहिला. ती राणी नगराकडे पाहते, मग केस डोळ्यांवर येतात आणि ती ते बाजूला करत नाही. पुढे ती दरवाजे उघडायला सांगणार हे मला माहीत होते, तरी माझ्या घशात काहीतरी दाटले. केस कापलेले आहेत हे मला कुठेच दिसले नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. बाकीच्या चित्रपटाबद्दल माझे मत बदललेले नाही, परंतु ती सहा फूट फिल्म त्यातून वगळली तर राणीने काय गमावले हे कोणालाच कळणार नाही, असे मी ३१ वर्षांच्या अनुभवावरून लिहून देतो.

खेळ सुरू होण्यापूर्वी मी वरच्या मुलाला भेटून नावे शेवटपर्यंत चालू ठेवण्याची विनंती केली होती. तो भला मुलगा आहे. आता रीळ नाही, ठिपका नाही, नुसते बटण आहे, पण त्याने मला केबिनमध्ये बसू दिले. नावे फार भराभर सरकतात आणि अक्षरे बारीक आहेत. तिसऱ्या ओळीच्या मध्याला तुझे नाव आले, मी उभा राहिलो आणि ते वर निघून गेले. मधले नाव माझे आहे, ते मला नंतर लक्षात आले.

शुक्रवारी चित्रपट बदलतो आहे. तोपर्यंत तुझ्या आईला घेऊन आणखी एकदा जाईन. पीठ आणि बिबड्या त्या मुलाच्या मामाबरोबर पाठवतो आहे, तो रविवारी ठाण्याला येणार आहे. डब्यात वरच्या बाजूला डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आहे. ती तुझ्या आईने ठेवली आहे, मी नाही.

तुझे,
नाना