काचेवर उरलेले गाव

ती. आई व बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, सोने संपलेल्या हिल एंडमध्ये पाहण्यासारखे काय उरले आहे, असे तुम्ही फोनवर विचारले होते. तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात, बॅथर्स्ट शहराच्या उत्तरेस, विराजुरी या मूळनिवासी लोकांच्या भूमीवर हे गाव आहे. इथल्या ओढ्यांतले सोने लोक १८५१ पासून धुऊन काढत होते; परंतु हॉकिन्स हिल या टेकडीच्या खडकातील गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांत सोने लागल्यावर वस्ती आठ हजारांच्या घरात गेली. तिथे बर्नहार्ट होल्टरमन हा जर्मन माणूस आणि त्याचा भागीदार लुई बायर्स कित्येक वर्षे खपत होते. दोघांनी १८६८ मध्ये एकाच दिवशी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केले, म्हणजे ते साडूही झाले. अखेर १९ ऑक्टोबर १८७२ रोजी त्यांच्या ‘स्टार ऑफ होप’ खाणीतून सुमारे २८६ किलो वजनाचा, सोन्याने भरलेल्या गारेचा एकसंध खंड निघाला. पुढे तो फोडून त्यातले सोने काढून घेतले, याची मला फार हळहळ वाटते.

मात्र होल्टरमनने आपला पैसा छायाचित्रांवर लावला, म्हणून मला तो मोठा वाटतो. त्याच वर्षी ब्यूफॉय मर्लिन आणि त्याचा तरुण सहायक चार्ल्स बेलिस यांनी या गावाचे घर न् घर, दुकान न् दुकान टिपले होते. रसायनाने ओली केलेली काच वाळण्याआधीच चित्र घेऊन धुवावे लागे, त्यामुळे अंधारखोली बरोबर घेऊनच हिंडावे लागे. मर्लिन १८७३ मध्ये वारला. होल्टरमनच्या आधाराने बेलिसने काम पुढे नेले. सोन्याच्या शिरा तर दोन-तीन वर्षांतच आटल्या. त्या काचा मात्र १९५१ मध्ये सिडनीच्या चॅट्सवुड भागातील एका बागेतल्या खोपटात सापडल्या, सुमारे साडेतीन हजार.

आज गावात जेमतेम शंभर माणसे राहतात. मोकळ्या जागांवर तिथल्या जुन्या घरांची छायाचित्रे लावली आहेत. आई, झाडाच्या सालींच्या झोपडीपुढे कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या बायका पाहताना मला तुझी फार आठवण आली. राज्य ग्रंथालयाने ही चित्रे संगणकावर आणली आहेत आणि ती मोठी करून पाहिली, तर दुकानांच्या पाट्याही वाचता येतात. दिवाळीत आले की तुम्हा दोघांना शेजारी बसवून दाखवीन.

तुमची,
धाकटी