ऊसतोडीवरची तुझी फिल्म

धारूर, जि. बीड
महालक्ष्म्यांच्या विसर्जनानंतर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. ऊसतोड मजुरांवर डॉक्युमेंटरी करायचं तू बरीच वर्षं बोलत होतास, आता ठरवलंस. पण दिवाळी झाली की आठ दिवस येतो, बोलणाऱ्या चार-सहा बायका गाठून ठेव, असं लिहिलंयस. अरे, दिवाळीनंतर इथे असतं कोण? दसऱ्यापासूनच मजुरांच्या गाड्या भरायला लागतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, काही टोळ्या थेट कर्नाटकात. तू येशील तेव्हा तांड्यावर म्हातारी माणसं, लेकरं आणि दारांना कुलपं. तेव्हा आत्ता ये. आणि आठ दिवसांच्या हिशोबाने येऊ नकोस.

पुण्याला तुझ्या खोलीवर आपण शौनक सेन यांची ‘ऑल दॅट ब्रीद्स’ पाहिली होती. दिल्लीत वझिराबादला दोघे भाऊ तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. घार मांस खाणारी, म्हणून पक्ष्यांच्या दवाखान्याने तिला घेतलं नाही, तिथून त्यांचं हे काम सुरू झालं. तुला तिचं छायाचित्रण आवडलं होतं. माझ्या मनात राहिली ती त्या भावांची पैशावरून, दमणुकीवरून होणारी कुरबूर. परक्यासमोर माणूस असा कुरबुरत नाही. कॅमेरा घेऊन आलेला माणूस घरातलाच होईपर्यंत ती मंडळी तिथे थांबली असणार. आठ दिवसांत आमच्या तांड्यावर तुला फक्त पाहुणचार मिळेल.

त्याहून जवळची वाटली ती सर्वनिक कौर यांची ‘अगेन्स्ट द टाइड’. २०२३ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात तिला पुरस्कार मिळाला. मुंबईतले दोन कोळी मित्र. एक बापाच्या होडीवर किनाऱ्याजवळ जुन्या रीतीने मासे धरतो. दुसरा स्कॉटलंडला शिकून आलेला, कर्ज काढून मोठी बोट घेऊन खोल समुद्रात जातो, आणि कर्ज फिटेना म्हणून बेकायदा एलईडी दिव्यांच्या मासेमारीकडे ओढला जातो. मासा कमी होत चाललाय आणि दोघांच्या मैत्रीवर त्याचा ताण आहे. त्या फिल्ममध्ये दुसऱ्या मित्राला लबाड ठरवून मोकळं होता येत नाही. त्याचीही घालमेल आपण पाहत राहतो.

हे लांबण लावतोय ते मुकादमासाठी, म्हणजे कारखान्याला मजुरांच्या टोळ्या पुरवणाऱ्या माणसासाठी. तुझ्या आराखड्यात मुकादम म्हणजे खलनायक, असं सरळ लिहिलेलं दिसलं. मी त्याची बाजू घेत नाही. मजुरांना डांबून ठेवल्याच्या, मारहाणीच्या बातम्या तूही वाचल्या असशील आणि त्या खोट्या नाहीत. पण आमच्याकडचे कितीतरी मुकादम स्वतः कोयता चालवलेले, त्याच तांड्यावरचे. कारखान्याकडून पैसे उचलताना कागदावर अंगठा किंवा सही त्यांची असते. एखादा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन पळाली तर वसुली त्यांच्या मानेवर येते. उसाच्या फडापासून साखरेच्या पोत्यापर्यंत पैशाची साखळी कशी चालते, हे मुकादमाच्या ओट्यावर बसल्याशिवाय कळत नाही. त्याच्याही घरी चार वेळा जाऊन ये.

आता तुझा मुख्य विषय. बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजलं, सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा आकडा तुझ्याकडे असेलच. मागची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. पहाटे अंधारात फडात शिरायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, आंघोळीला आडोसा नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांतही सुटका नाही. एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात. त्यातून पोटात दुखायला लागलं की दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते, आणि बाई मनाशी म्हणते, एकदाची कटकट जाऊ दे.

त्या वर्षी इथे इतके कॅमेरे आले की बायकांना प्रश्न पाठ झाले. किती मुलं, कोणत्या वयात काढली, आता कंबर दुखते का. माझ्या शाळेतल्या एका मुलीची आई मला म्हणाली, “गुरुजी, आमी समदं सांगितलं, रडलो बी. पर काय शूटिंग काढलं ते आमाला कुणी दावलंच न्हाई.” अविनाश, हे वाक्य तुझ्या टेबलासमोर चिकटवून ठेव अशी माझी विनंती आहे.

किंशुक सूरजन यांची ‘मार्चिंग इन द डार्क’ मिळाली तर बघ. मराठीतच आहे, २०२४ ची. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका एकत्र बसतात आणि एकमेकींशी बोलतात. आपण फक्त ऐकतो. आमच्याकडच्या बायकाही अशा बसतात, दुपारी भाकरी झाल्यावर, एकीच्या अंगणात. तिथे पिशवीचा विषय निघतो, मुकादमाचा निघतो, पोरीच्या लग्नाचा निघतो. पिशवी हा त्यांच्या आयुष्यातला एक विषय आहे. तुझ्या फिल्ममध्ये तो एकटाच उरला तर त्या बायका पुन्हा रुग्णाच्या यादीत जातील.

आणि त्यांनी फिल्म पाहून “हे असं नाही” म्हटलं तर ऐकून घ्यायची तयारी ठेव. ‘रायटिंग विथ फायर’ ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली. बुंदेलखंडातल्या ‘खबर लहरिया’च्या बातमीदार बायकांवरची ती फिल्म मला मनापासून आवडली. तरी मार्च २०२२ मध्ये ऑस्कर तोंडावर असताना ‘खबर लहरिया’नेच जाहीर निवेदन काढलं, की फिल्म प्रभावी आहे, पण आमचं काम एकाच पक्षाच्या मागे लागल्यासारखं दिसतं, ते खरं नाही. कोण बरोबर हे मी ठरवणार नाही. पण त्यांचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं म्हणून जगाने ऐकलं. आमच्या तांड्यावरच्या बाईकडे काय आहे? म्हणून फिल्म पुरी होण्याआधी, बदल करता येण्यासारखी असतानाच, ती इथे दाखव. टोळ्या परतल्यावर, गुढीपाडव्यानंतर. शाळेची भिंत आणि प्रोजेक्टर माझ्याकडे लागला. माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी ‘जय भीम कॉम्रेड’साठी चौदा वर्षं दिली आणि ती वस्त्यांमध्ये नेऊन दाखवली. तुला चौदा वर्षं द्यायला सांगत नाही, पण एक पूर्ण वर्ष दे. पावसाळ्यातली उचल, दसऱ्याची भरती, फडावरची कोपी म्हणजे राहायची झोपडी, उन्हाळ्यातला परतीचा हिशोब, हे सगळं डोळ्यांखालून गेलं पाहिजे.

मागे राहिलेली लेकरंही विसरू नकोस. आमच्या हंगामी वसतिगृहात ती जेवतात आणि रात्री आजीकडे झोपायला जातात. रविवारी आईचा फोन येतो तेव्हा एका मोबाइलभोवती पाच-सहा जणं जमतात. ते चित्रीत करायचं की नाही, हे मात्र त्यांच्या आयांना आधी विचारू. मी शिक्षक म्हणून परस्पर होकार देणार नाही.

पुण्याहून बीडची गाडी पकड, तिथून तेलगावमार्गे धारूर. पहिल्या खेपेला कॅमेरा बॅगेतच राहू दे. फडावर यायचं तर जाड पांघरूण आण, कोपीत थंडी लागते.

येण्याआधी एका गोष्टीचा विचार करून ठेव. फडावर एखादी बाई तुझ्याशी तासभर बोलली तर तेवढा ऊस तिच्या कोयत्याकडून कमी तुटतो आणि टनावरचे पैसे बुडतात. तुझ्या खर्चात त्याची तरतूद कुठे दिसली नाही. पैसे दिले तर ती तुला हवं तेच बोलेल अशी तुला भीती वाटेल, ती मलाही वाटते. पण तिचा खाडा आपण पाडायचा आणि भरून द्यायचा नाही, हे मला पटत नाही. काय करता येईल ते कळव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
प्रकाश