विमानांच्या लढाईचा खेळ घरी करताना

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
१२ एप्रिल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. सुट्टीत भाचे येणार आहेत, त्यांच्यासाठी विमानांच्या लढाईचा खेळ घरीच करायचा म्हणतोस, म्हणून सगळं मापांसकट लिहितो. एखादं माप चुकलं की या खेळाची पार रया जाते.

त्याची गोडी कशात आहे, ते आधी सांगतो. सारीपाटात एकजण चाल करतो, दुसरा ती बघून आपली करतो. हवेत तशी सवड कोणालाच नसते. २००४ साली इटलीत निघालेल्या 'विंग्ज ऑफ वॉर'ने ही गोष्ट पत्त्यांत आणली. दोघांनी पुढच्या तीन चाली ठरवून पत्ते पालथे ठेवायचे आणि मग एकेक पत्ता दोघांनी एकदमच उलटायचा. पहिल्याच पत्त्यावर समोरचा भलतीकडे वळला, तरी तुझे उरलेले दोन पत्ते बदलत नाहीत. चाल ठरवताना फासा नाही, कवड्या नाहीत, सगळा अंदाज समोरच्याच्या मनाचा. त्याच्याही आधी, १९८० साली, आल्फ्रेड लिओनार्दीच्या 'एस ऑफ एसेस'मध्ये तर पटच नव्हता. दोघांच्या हाती एकेक पुस्तिका आणि पानापानावर कॉकपिटमधून दिसणारं शत्रूचं विमान! मला ही युक्ती फार मोठी वाटते, पण ती घरी करणं अवघड. आपण पत्त्यांचाच खेळ करू.

विमानं दोनच घे, पहिल्या महायुद्धातली. एक इंग्रजांचं एस. ई. ५ ए. कोलकात्याच्या इंद्रलाल रॉयने याच विमानातून जुलै १९१८ मध्ये १३ दिवसांत १० विजय मिळवले आणि २२ जुलैला तो पडला, तेव्हा वय अवघं १९. लेकरांना हे आधी सांग. दुसरं जर्मनांचं तीन पंखी फॉकर, वेगाला कमी पण जागच्या जागी वळणारं. वाघ-बकरीत जशा दोन्ही बाजू सारख्या नसतात, तसंच इथे हवं. दोघांना सारखेच पत्ते दिलेस तर खेळ आळणी होईल.

जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद चालतो. सगळे पत्ते ६ बाय ८ सेंमी. विमानाच्या पत्त्यावर मधोमध ठिपका दे आणि तिथून पुढच्या दोन कोपऱ्यांपर्यंत रेघा ओढ. त्या रेघांच्या आत आलेल्यावरच गोळी चालते. चालीच्या पत्त्यावर खालच्या कडेच्या मध्यापासून बाण काढ आणि टोकाला आडवी रेघ मार. एस. ई. चा बाण ६ सेंमी, फॉकरचा ५. सौम्य वळण ३० अंशांचं, तीव्र ४५ चं. एस. ई. ला ५ सरळ, डावी-उजवी सौम्य २-२, तीव्र १-१. फॉकरला ३ सरळ, सौम्य २-२, तीव्र २-२. शिवाय दोघांना एकेक इमेलमान, म्हणजे जागेवर उलट फिरायचा पत्ता. मिळून १२-१२ पत्ते. तीन चाली संपल्या की पत्ते परत हातात. इमेलमानच्या आधी आणि नंतर सरळ पत्ता असलाच पाहिजे, नाहीतर पोरं दर वेळी तोच टाकतील.

चालीचा पत्ता विमानाच्या पुढच्या कडेला भिडवायचा आणि मग विमान उचलून त्याची पुढची कड बाणाच्या आडव्या रेघेवर बसवायची. सगळी भांडणं इथेच होतात बघ. दर चालीला दोन-तीन मिलिमीटर सरकलं, तरी दहा चालींत दोन-तीन सेंमीचा फरक पडतो आणि टप्प्याबाहेरचं विमान टप्प्यात येतं. म्हणून विमान बसेपर्यंत चालीचा पत्ता दुसऱ्या हाताने दाबून ठेवायचा. गुळगुळीत फरशीवर पत्ते घसरतात, चादरीला चुण्या पडतात. सतरंजी बरी, निदान सव्वा मीटर लांब-रुंद. आणि कूलर समोरून बाजूला कर, गड्या! पालथ्या पत्त्यावर चिंचोका ठेवला तरी वाऱ्याने तो उलटतोच, आणि चाल उघडी पडली की डाव गेला.

मोजायला तुराटीची सरळ काडी घे, २० सेंमी, मधोमध खाच. दर चालीनंतर आपल्या ठिपक्यापासून समोरच्या पत्त्याच्या कुठल्याही भागापर्यंत मोजायचं. खाचेच्या आत असला तर त्याला नुकसानीचे दोन पत्ते, खाचेपुढे पण काडीच्या आत असला तर एक. विमानं एकमेकांवर चढली असतील तर कोणीच गोळी झाडायची नाही. नुकसानीचे ४० पत्ते कर: शून्याचे ८, एकचे १०, दोनचे १०, तीनचे ६, चारचे २, 'बंदूक अडकली'चे ३ आणि स्फोटाचा, म्हणजे विमान एकदम पाडणारा, १. बेरीज १२ झाली की विमान पडलं. 'बंदूक अडकली' ज्याला लागला, त्याची पुढच्या तीन चाली गोळी बंद. आकड्यांचे पत्ते ज्याला लागले त्यानेच बघायचे, दुसऱ्याला दाखवायचे नाहीत. समोरचा किती घायाळ आहे हे कळत नसलं, की पाठलाग करणाऱ्याचाही जीव वरखाली होतो.

नवखा खेळाडू शत्रू आत्ता जिथे आहे तिथे नेम धरतो आणि तिसऱ्या पत्त्यापर्यंत तो कुठल्या कुठे गेलेला असतो. मग दोघं एकाच बाजूला वळतात आणि घाण्याच्या बैलासारखे गोल फिरत बसतात. त्या गोलात फॉकरच जिंकणार. एस. ई. वाल्याने दोन-तीन सरळ पत्ते टाकून लांब निघावं, इमेलमानने फिरावं आणि समोरून यावं.

उंचीचे नियम सध्या नकोत. आठ-दहा डाव झाले, की विमानाखाली बाटलीची बुचं ठेवून उंची धरता येईल. एका बुचाचा फरक असेल तर नुकसानीचा एक पत्ता कमी, दोन बुचांचा असेल तर गोळीच नाही.

स्फोटाचा पत्ता लहान्याला फार लागेल असं वाटलं तर काढून टाक आणि त्या जागी शून्याचा घाल. बाण मात्र तूच काढ, कोनमापक लावून. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना खेळगडी