अप्पा, नानाकाकांना ते इंजेक्शन घेऊ देऊ नका

प्रिय अप्पा आणि आई,

साष्टांग नमस्कार. आईचा व्हॉइस मेसेज मिळाला, विहिरीला अजून पाणी आहे आणि आगराचं शिंपणं नीट चाललंय हे ऐकून बरं वाटलं. पण शेवटी शेवटी नानाकाकांचं जे सांगितलंस ना आई, की शिमग्याला येताना ते मुंबईच्या कुठल्याशा क्लिनिकमधून तरुण राहायच्या पेप्टाइडच्या बाटल्या घेऊन आले आणि अप्पांनाही म्हणाले तुमच्या मुलीच्या लॅबमध्ये हेच तर चालतं, गुडघ्यांना जोर येईल, घ्या तुम्हीपण, ते ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही. फोनवर रेंज जाते आणि अर्धं राहतं म्हणून लिहूनच पाठवते. अप्पा, नानाकाकांनाही वाचून दाखवा.

आमच्याकडे पेप्टाइडवर काम चालतं हे खरंय. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचाच छोटा तुकडा, नानाकाका रोज टोचून घेतात ते इन्सुलिनही 51 अमिनो अ‍ॅसिडचं, म्हणजे प्रोटीन ज्या मण्यांनी गुंफलेलं असतं तशा 51 मण्यांचं पेप्टाइडच. तोंडाने घेतलं तर पोटात पचून जातं म्हणून टोचायचं. तर आम्ही हे देतो म्हाताऱ्या उंदरांना. उंदीर दोन वर्षांचा झाला की माणसाच्या सत्तरीला आला असं समजा, लव विरळ, पाठीला पोक, कुणाला मोतीबिंदू, कुणाच्या मिशा गळलेल्या. अशा 31 गोष्टी एकेक करून बघायच्या आणि प्रत्येकीला शून्य, अर्धा नाहीतर एक मार्क द्यायचा, जितके मार्क जास्त तितका तो थकलेला. मग पकडीची टेस्ट. उंदराला पुढच्या पायांनी बारीक जाळी धरू द्यायची आणि शेपटीला धरून हळूच मागे ओढायचं, तो जाळी सोडतो त्या क्षणी किती जोर लावला होता ते मीटरवर दिसतं. म्हातारे लवकर सोडतात. पण एखादा असा असतो की अंग थरथरतं तरी बोटं सोडत नाही, तेव्हा खरंच जीव भरून येतो. कुणाला औषध दिलंय आणि कुणाला नुसतं सलाइन हे मोजणाऱ्याला माहीत नसतं, नाहीतर आपल्याला जे हवं तेच दिसायला लागतं. सलाइनवाल्यांनाही सुई टोचावीच लागते, कारण रोज हातात धरून टोचण्यानेसुद्धा उंदरावर परिणाम होतो.

आता यातून काय हाती लागतं ते सांगते. एसएस-31 नावाचं पेप्टाइड आहे, फक्त चार अमिनो अ‍ॅसिडचं, ते पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याला जाऊन चिकटतं. इथे सिअ‍ॅटलच्याच युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये 24 महिन्यांच्या उंदरांना कातडीखाली पंप बसवून ते 8 आठवडे दिलं, आणि वयामुळे ताठर झालेलं हृदय ठोक्यानंतर पुन्हा नीट सैल व्हायला लागलं. 2020 मध्ये ते छापून आलं. फार मोठी गोष्ट आहे अप्पा, म्हाताऱ्या हृदयात फरक पडू शकतो हे दिसलं. पण तेच औषध मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराने स्नायू दुबळे झालेल्या पेशंटना मोठ्या ट्रायलमध्ये दिलं तेव्हा चालण्याच्या अंतरात आणि थकव्यात ठरवलेला फरक आला नाही. 2025 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती बार्थ सिंड्रोम या अगदी दुर्मिळ आजारासाठी, म्हातारपणासाठी नव्हे. आणि हे तर इतकी वर्षं तपासलेलं औषध.

नानाकाकांच्या बाटल्यांचा फोटो आईने पाठवला तो मी मोठा करून वाचला. सीजेसी-1295 आणि इपामोरेलिन. ही दोन्ही शरीरातलं ग्रोथ हॉर्मोन वाढवतात. वयाबरोबर ते हॉर्मोन कमी होतं हे बरोबर, त्यावरूनच विकणारे सांगतात की वाढवा म्हणजे तरुण व्हाल. उंदरांत मात्र नेमकं उलट दिसलंय. एम्स ड्वार्फ म्हणून ठेंगणे उंदीर असतात, त्यांच्यात ग्रोथ हॉर्मोन तयारच होत नाही, ते आपल्या भावंडांच्या दीडपट किंवा जास्तच जगतात हे 1996 मध्येच छापून आलं. उंदरांच्या म्हातारपणावर काम करणारे प्रोफेसर बार्टके यांच्याकडचा एक उंदीर, त्याच्यात या हॉर्मोनचा रिसेप्टरच, म्हणजे पेशीवर हॉर्मोन ओळखणारी जागाच नव्हती, पाच वर्षांना आठवडाभर कमी इतका जगला, एरवी उंदीर तीन वर्षं काढतो तेसुद्धा क्वचित. आणि ज्यांच्यात हे हॉर्मोन मुद्दाम वाढवलं त्यांच्या किडन्या खराब झाल्या, ते लवकर गेले. उंदराचं जसंच्या तसं माणसाला लागू होतं असं मी म्हणणार नाही, पण उंदरांवर सिद्ध झालंय असं सांगून कुणी हेच विकत असेल तर मला गप्प बसवत नाही.

त्यात नानाकाकांना डायबेटिस. ग्रोथ हॉर्मोन इन्सुलिनच्या विरुद्ध काम करतं, शुगर चढते. क्लिनिकवाल्याने त्यांना शुगरबद्दल एका शब्दाने विचारलं नाही म्हणे. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलंय फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही, आणि आत खरंच काय आणि किती आहे ते कुणी तपासलेलं नाही. आमच्याकडे उंदराला द्यायच्या आधीसुद्धा प्रत्येक बॅचची शुद्धता बघतात हो.

अप्पा, पाखाडी चढताना गुडघे दुखतात म्हणून तुमचा जीव त्यात अडकतो हे मला कळतं. मी या कामात आले तीच मुळी त्यासाठी, माणूस किती वर्षं जगला यापेक्षा शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी आगरात गेला पाहिजे असं मला वाटतं. पण त्याला वेळ लागणार. तोवर चिपळूणच्या हाडांच्या डॉक्टरांनी दिलेला व्यायाम बंद करू नका, मांड्यांत जोर आला की गुडघ्यावरचा भार कमी होतो, आणि शाकारणीला या वर्षी गडी लावा, स्वतः शिडीवर चढू नका.

आई, नानाकाका अजून गुहागरलाच असतील तर आधी त्यांची शुगर तपासून घे आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना त्या बाटल्या दाखवायला सांग, किती दिवस घेतल्या तेही सांगायचं, लपवायचं नाही. पैसे गेले म्हणून हळहळतील, पण त्यापायी उरलेल्या संपवू नकोत. मला रात्री नऊनंतर फोन करायला सांग, तेव्हा इथे सकाळ असते आणि मी लॅबला निघालेली नसते.

तुमची,
सुमी