आवाहन : टाइल्स नकोत, साबण आणि तोट्या द्या

सोलापूरच्या पूर्व भागातील सर्व रहिवासी, कारखानदार, दुकानदार, उत्सव मंडळे आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली आपल्या वस्तीतली पोरं-पोरी, सर्वांना सस्नेह नमस्कार.

वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाची देखभाल आमच्या महिला मंडळाने अंगावर घेतली आहे. मृग लागायच्या आत काही कामे उरकायची आहेत, म्हणून हे पत्रक काढले. पण काय हवे ते सांगण्याआधी ते का हवे हे सांगतो. नाहीतर लोक मोठ्या मनाने भलत्याच वस्तू देतात आणि त्यांना नाही म्हणताना आमची पंचाईत होते.

संडासातून रोग लागतो म्हटले की माणसाला भीती वाटते ती भांड्याची. बैठकीत एका मावशींनी विचारलेच, "दवाखान्यातल्या त्या कमोडवर बसलं की घाणेरडे रोग लागत्यात म्हणं, खरं हाय का?" नाही मावशी. एचआयव्ही तसा लागत नाही. परमा, गरमी असले रोगही कमोडवर बसून लागत नाहीत. त्यांचे जंतू अंगाबाहेर फार वेळ तग धरत नाहीत. मांडीची कातडी धड असेल तर ती स्वतःच चांगली राखण करते. बैठक ओली दिसली तर पुसून बसावे, एवढेच. ओल्या फरशीवर अनवाणी गेल्याने बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, तेव्हा चप्पल घालूनच आत जावे.

खरा धोका हाताला आहे. जुलाब, हगवण, टायफॉईड, कॉलरा, कावीळ, जंत या सगळ्यांचा रस्ता एकच : एकाची विष्ठा दुसऱ्याच्या तोंडात. ऐकायला किळसवाणे आहे, पण सौम्य शब्दात सांगितले की कुणी मनावर घेत नाही. हा रस्ता पाण्यातून जातो, माशीच्या पायावरून जातो, आणि सगळ्यात जास्त वेळा हाताच्या बोटांवरून जातो.

आता आमच्या शौचालयातली कडी बघा. लोखंडी आडवी कडी, अडकते, दोन-तीन झटके दिल्याशिवाय सरकत नाही. माणूस धुऊन उठतो आणि पहिला हात लावतो तो ह्या कडीला. साबण, नळ सगळे बाहेर, कडी आत. म्हणजे सकाळपासून जेवढी माणसे येऊन गेली तेवढ्यांचे न धुतलेले हात त्या एका बोटभर लोखंडावर लागलेले असतात. बाहेर आल्यावर तोच हात नळाची तोटी पिळतो. हात धुऊन झाला की तीच तोटी पुन्हा पिळून बंद करायची! धुतलेला हात परत मळला. भांडे रोज घासले जाते, फिनाईल पडते, वासही बरा येतो. कडी आणि तोटी मात्र कुणी कधी पुसल्याचे आठवत नाही. डब्याच्या, मगाच्या कानाचेही तेच.

त्यात पाण्याची तऱ्हा. उजनी भरली काय आणि आटली काय, नळाला पाणी यायचा दिवस सोलापूरकर पोराच्या वाढदिवसासारखा लक्षात ठेवतो. शौचालयाची टाकी छोटी. मधल्या दिवसांत ती कोरडी असते आणि माणसे घरून डबा घेऊन येतात. साध्या भांड्यातला मैला नीट वाहून जायला दीड ते तीन लिटर पाणी एका झटक्यात ओतावे लागते. डब्यातच पाणी असते दोन लिटर. धुवायला काही गेले, ओतायला काही गेले, हाताच्या वाट्याला तळाशी उरलेले चार थेंब. लोकांना स्वच्छता कळत नाही, असे बोलणाऱ्यांनी एकदा तो डबा हातात धरून बघावा. ज्यांच्या डोक्यावर हजार लिटरची टाकी आहे त्यांनी तर हे बोलूच नये.

आमच्या वस्तीत विडी वळणाऱ्या बायका खूप. भिजवून मऊ केलेले पान, कैचीने कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा, टोक नखाने मोडायचे. दिवसभर बोटे ओली. त्याच बोटांनी पोराला घास भरवायचा. साबण हाताशी नसेल तर ह्या बोटांवर काय काय असेल ते वेगळे सांगायला नको.

दुसरे दुखणे त्या बोलून दाखवत नाहीत. दुपारी शौचालयात पाणी नसते, संध्याकाळी उजेड नसतो, एका दाराची कडी लागतच नाही. मग बायका काय करतात? पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात सोलापूर 43 अंशांवर तापते तेव्हासुद्धा. लघवी घट्ट होते, तासन्‌तास धरून ठेवली जाते, आणि मूत्रमार्गात शिरलेले जंतू बाहेर धुतले न जाता आतच वाढतात. जळजळ, ओटीपोटात कळ, थंडी वाजून ताप. हे जंतू बहुतेक वेळा बाईच्या स्वतःच्याच आतड्यातले असतात, दुसऱ्या कुणाकडून आलेले नसतात. म्हणून धुताना हात पुढून मागे न्यावा, मागून पुढे आणू नये, हे मुलींना आयांनी सांगायला हवे. डॉक्टर म्हणतात, पाणी भरपूर प्या. आमची अक्का म्हणाली, "पिईन की ओ, पण जाऊ कुठं?" ह्या प्रश्नाला गोळी नाही. बल्ब आणि कडी मात्र आहे.

रोग आला की लोक काल काय खाल्ले ते आठवतात. भजी, पाणीपुरी, लग्नातले जेवण. टायफॉईडचा जंतू पोटात गेल्यापासून ताप यायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. काविळीला दोन आठवड्यांपासून दीड-दोन महिन्यांपर्यंत. इतक्या मागची कडी कुणाला आठवणार? म्हणून संडास कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही, आणि पाणीपुरीवाला फुकट शिव्या खातो. (कधी कधी फुकट नाही, हेही खरे. त्यालाही हात धुवायला नळ हवा.)

पाणी रोज न येण्याचा आणखी एक तोटा. नळाची लाइन रिकामी पडली की आत ओढ निर्माण होते आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटारीचे पाणी आत शिरते. 2012 साली इचलकरंजीला काविळीची मोठी साथ आली होती. तेही मागांचेच गाव, आपल्यासारखेच. ही हिपॅटायटिस ई जातीची कावीळ गरोदर बाईला फार वाईट. शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वस्तीत आत्ता दिवस गेलेल्या किती सुना-लेकी आहेत ते आपण सगळे जाणतो. तेव्हा नळ आल्यावर सुरुवातीचे गढूळ पाणी प्यायला भरू नका, आणि पावसाळाभर प्यायचे पाणी उकळूनच प्या.

लहान लेकराच्या शीला आपण शी मानतच नाही, दाराशेजारच्या गटारीत ढकलतो. मोठ्या माणसापेक्षा त्यात जंतू जास्तच असतात, कारण जुलाब आणि जंत लेकरांनाच जास्त. ती शौचालयात टाका आणि नंतर साबण लावा.

आता हवे काय ते.

सगळ्यात आधी टाकी. दोन हजार लिटरची एक, झाकण घट्ट बसणारी, म्हणजे डास आणि उंदीर आत जाणार नाहीत. नवीच हवी असे नाही. कारखान्यात वापरात नसलेली चालेल, पण रंग किंवा केमिकल भरलेली नको. कारखानदार मालकांनी हे जरा बघावे. तुमच्या मागांवर काम करणारी माणसे सकाळी ह्याच शौचालयाच्या रांगेत उभी असतात, आणि त्यांना टायफॉईड झाला की माग बंद पडतो.

मग तोट्या. दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर लांब दांडीच्या तोट्या असतात, कोपराने उघडायच्या आणि कोपराने बंद करायच्या, तसल्या. बायकांच्या बाजूला तीन, पुरुषांच्या बाजूला तीन. कड्याही कोपराने सरकतील अशा, मोठ्या मुठीच्या. सगळ्या दारांच्या बदलायच्या आहेत. वस्तीत वेल्डिंगवाले भाऊ आहेत. एक रविवार दिलात तर मजुरी वाचेल.

साबण. घरटी महिन्याला एक वडी दिलीत तरी पुरून उरेल. वडी चोरीला जाते हे आम्हाला माहीत आहे, म्हणून ती कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधणार आहोत. अशी ओली जाळी कोण खिशात घालणार? सगळ्यांनी एकच वडी वापरली तर रोग लागेल ही शंका काहींनी काढली. वडीवरचे जंतू फेसाबरोबर वाहून जातात. वडी पाण्यात बुडून लिबलिबीत मात्र होऊ द्यायची नाही, जाळीने तेही साधते. हात वीस सेकंद चोळायचे. अंगठा आणि नखांच्या खाली लोक हमखास विसरतात. आणि धुतल्यावर पुसायला तिथे टॉवेल टांगणार नाही. टॉवेलच्या गावात हे बोलायला जीभ रेटत नाही, पण ओला, सगळ्यांच्या हाताचा टॉवेल जंतूंना फार आवडतो. हात वाऱ्यावर वाळू द्या.

ब्लिचिंग पावडर हवी आहे, पण गोणी नको, छोटी बंद पाकिटे द्या. उघडी गोणी आपल्या उन्हाळ्यात थोड्याच दिवसांत निर्जीव होते. पांढरे दिसते, काम काही करत नाही. ताज्या पावडरीचे पाणी करून कड्या, तोट्या आणि मगांचे कान रोज पुसायचे, दहा मिनिटे ओले ठेवायचे, असे ठरले आहे. ॲसिडच्या बाटल्या आणून देऊ नका. ॲसिड आणि ब्लिचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. चार बाय चारच्या बंद खोलीत वाकून घासणाऱ्या बाईच्या छातीत तो जातो. त्या ताईंसाठी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गमबूट आणि डोळ्यांचा चष्मा हवा आहे. ह्यात काटकसर करणार नाही.

कोरोनातल्या सॅनिटायझरच्या उरलेल्या बाटल्याही नकोत. हात खरोखर मळलेला असला की सॅनिटायझर चालत नाही, आणि जुलाबाचे काही विषाणू त्याला जुमानतही नाहीत.

बायकांच्या बाजूला पायाने उघडणाऱ्या झाकणाच्या बादल्या लागतील. पॅड भांड्यात टाकले की लाइन चोक होते, मैला वर येतो, आणि मग उपसायच्या गाडीच्या मागे फिरावे लागते. एलईडी बल्ब आठ, जाळीसह.

फलक रंगवणारे कुणी असेल तर त्यांनी अवश्य भेटावे. सूचना मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही भाषांत लिहायच्या आहेत. एका भाषेत लिहिले की बाकीच्यांना ते आपल्यासाठी नाहीच असे वाटते. एक ओळ आमची आग्रहाची : डबा भांड्याजवळ नेऊन पाणी ओता, लांबून फेकू नका. उडालेले तुषार पायावर, दारावर, कडीवर बसतात. फ्लॅटमध्ये कमोड असलेल्यांनीही झाकण पाडून मगच फ्लश दाबावा. अमेरिकेत कोलोरॅडोच्या विद्यापीठात 2022 साली लेझरच्या उजेडात हे तुषार मोजले, तेव्हा झाकण नसलेल्या सार्वजनिक कमोडमधून ते आठ सेकंदांत दीड मीटर उंच गेले होते. दात घासायचा ब्रश कुठे ठेवता, तेवढे बघा.

टाइल्सबद्दल थोडे. दोन सद्गृहस्थांनी भिंतींना नव्या टाइल्स लावून देऊ, असे मनापासून सांगितले. त्यांचे आभार. पण टाइल्सने एकाचाही जुलाब थांबत नाही. तेच पैसे टाकीला द्या, अशी हात जोडून विनंती आहे. देणगीदाराचे नाव कुठेही रंगवणार नाही. संडासावर आपले नाव असावे असे फारसे कुणाला वाटत नाही, त्यामुळे ह्या बाबतीत अजून कुणी रुसलेले नाही.

रोजची झाडलोट करणाऱ्या ताईंचा पगार हा कायमचा खर्च आहे. त्यासाठी घरटी महिना 40 रुपये ठरवले आहेत. ज्यांना जमणार नाही त्यांनी महिन्यातून एक सकाळ पाणी भरायला यावे. तेही नसेल जमत तर काही बिघडत नाही, शौचालय सगळ्यांना उघडेच राहील. बाहेरगावी असलेल्या पोरांनी वर्षाचे एकदम दिले तर बरे.

पैसे आणि वस्तू मंडळाच्या खोलीत संध्याकाळी 6 ते 8 या वेळेत स्वीकारू. विड्या कारखान्याच्या ब्रँचला देऊन परत येताना बायकांना तीच वेळ सोयीची आहे. क्यूआर कोड खोलीच्या आतल्या फलकावर आहे. बाहेर चिकटवलेला कुठलाही कोड आमचा समजू नका. महिन्याचा जमाखर्च दर पाच तारखेला शौचालयाच्या बाहेरच्या भिंतीवर लावू, बिलांच्या झेरॉक्ससह. कुणाला हिशेबात शंका आली तर तिथेच पेनाने लिहा, पुढच्या बैठकीत उत्तर देऊ. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. सुटे पैसे चालतील.

आपल्या नम्र,
महिला मंडळ, शौचालय देखभाल समिती